डावीकडचे चाप

रणगाडा जेवणाच्या खोलीत बुटक्या कपाटावर ठेवलेला असायचा आणि त्याची एकच बाजू पूर्ण होती. डावीकडे फावडं, कुऱ्हाड, पहार, तारा कापायची कात्री, सगळं जिथल्या तिथे, नखाएवढ्या पितळी चापांत अडकवलेलं. उजवीकडे नुसती भोकं. लग्न होऊन या घरात आली तेव्हा चष्मेवालीला वाटलं, अर्धं सामान हरवलं असेल. हरवलं काहीच नव्हतं. उजवीकडचं सामान पाकिटात तसंच होतं. ते बसवणारी गेली होती.

बसवणारी म्हणजे तिच्या नवऱ्याची पहिली बायको. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा, म्हणून त्याला सगळे लिफ्टवाला म्हणत. त्याच न्यायाने ही चष्मेवाली, कारण चष्म्याच्या दुकानात मागच्या टेबलावर बसून ती लोकांच्या मोडक्या दांड्या जोडायची. दोघांचं जमलं तेही एका सैल स्क्रूवरून. त्याच्या चष्म्याचा स्क्रू ती घट्ट करून द्यायची आणि तो पुन्हा सैल होऊन यायचा. शेवटी तिने विचारलं, "तुम्ही मुद्दाम सैल करता का?" तो म्हणाला, "हो." या माणसाला खोटं बोलता येत नाही, एवढ्या भांडवलावर तिने होकार देऊन टाकला.

रणगाडा हातभर लांब होता आणि रिमोटवर चालायचा. त्या वेडात नवरा आणि पहिली यांची सरळ वाटणी झालेली होती. पोटातलं सगळं त्याचं: मोटर, दात्यांची चाकं, पट्टे, रेडिओ. अंगावरचं नाजूक काम तिचं. डावी बाजू तिने एका हिवाळ्यात पुरी केली, आणि उजवीच्या चापांचा पितळी पत्रा पाकिटातून काढण्याआधीच आजारी पडली. त्यानंतर रणगाडा चालला नव्हता. लिफ्टवाला अधूनमधून बॅटरी चार्ज करायचा, पट्टे जागच्या जागी थोडे फिरवायचा आणि पुन्हा कपाटावर ठेवायचा. गाडी आहे, गंज चढायला नको, म्हणायचा.

आणि रविवारी पहिलीची आई यायची.

हे नातं काय, याला भाषेत शब्द नाही. सवतीची आई म्हणावं तर सवत कधी पाहिलेलीसुद्धा नाही. सुरुवातीला चष्मेवालीने म्हातारीशी बोलताना हाक मारायचंच टाळलं. "चहा घेणार ना?" "पंखा लावू का?" अशी सगळी वाक्यं बिनसंबोधनाची. म्हातारीच्या ते लक्षात आलं. जन्मभर तिने शिवणकाम केलेलं, कुठे काय कमी पडतंय ते तिला पटकन दिसायचं. "मला मावशी म्हण," ती म्हणाली, "कुणालाही म्हणता येतं." प्रश्न मिटला. लिफ्टवाल्याला मात्र ती अजून जावईबापूच म्हणायची. मुलगी जाते, जावईपण काही जात नाही.

मावशी यायची, खुर्ची कपाटाजवळ ओढून बसायची, चहा घ्यायची, चहाला नावं ठेवायची. मग ती आणि जावई पहिलीच्या गोष्टी बोलत. एरवी आठवडाभर लिफ्टवाला मोजूनमापून बोलणारा माणूस. रविवारी दुपारी तो हसायचा, मध्येच मावशीचं वाक्य पुरं करायचा. चष्मेवाली आतबाहेर करत ऐकायची. तिला मत्सर वाटत असेल असं शेजारणींचं मत होतं. तिला खरं तर बरं वाटायचं. नवऱ्याचा तो आवाज तिला आवडायचा आणि तो दुसऱ्या कुठल्याही वारी निघत नव्हता. मावशी यायची थांबली असती तर तो आवाजही गेला असता, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

त्या वर्षी रणगाडेवाल्यांचा मेळावा ठरला. बंद पडलेल्या कारखान्यामागच्या मैदानात दरवर्षी दहापाच पोक्त पुरुष आपापली यंत्रं घेऊन जमायचे आणि मातीच्या ढिगांवरून ती चालवायचे. लिफ्टवाल्याने या खेपेला येतो म्हणून कळवून टाकलं. मग ताटाकडे बघत बायकोला म्हणाला,

"उजवी बाजू तू करशील?"

"मी? मी चष्मे करते."

"तेच की. बारीक काम."

"मावशींना विचारलंत?"

त्याने आणखी वाढून घेतलं, म्हणजे विचारलं नव्हतं.

शेवटी तिनेच विचारलं. मावशीने चहाचा कप खाली ठेवला आणि रणगाड्याकडे बराच वेळ बघितलं.

"कर," ती म्हणाली. "कुणीतरी करायलाच हवं. अर्धी मिशी भादरल्यासारखा दिसतो मेला. फक्त डावीकडे हात लावायचा नाही."

"नाही लावत."

"नाही म्हणजे फडकंसुद्धा नाही. माझी पोर तिथं आहे."

"बरं."

पत्रा कागदाइतका पातळ होता. सगळे तुकडे चौकटीत देठांनी धरलेले, वहीच्या पानाएवढ्या जागेत एका रणगाड्याचं सगळं किडूकमिडूक. देठ काचेवर ठेवून पात्याने तोडायचा, कानशीचा एक हलका हात मारायचा, चिमट्याने उचलायचं. शिंक आली तर आधी मान वळवायची. प्रत्येक चापाला घडीच्या जागी एक रेघ होती, पत्र्याच्या निम्म्या जाडीपर्यंत खोल कोरलेली, म्हणजे तिथे तो सहज दुमडावा. दुमडताना ती रेघ आतल्या अंगाला ठेवायची. घडी मिटते तशी रेघही मिटते, बाहेरचा कोपरा गोल राहतो आणि धातू धरून राहतो. हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. धातू कुठे मोडतो ते बघण्यातच तिचा जन्म गेला होता.

पहिला चाप जमला तेव्हा डावीकडचा कसा बसवलाय ते बघायला तिने भिंग डोळ्यांवर ओढून रणगाडा फिरवला. हात लावला नाही, नुसतं वाकून पाहिलं. मग दिवा जवळ घेतला आणि परत पाहिलं.

डावीकडच्या प्रत्येक चापाची रेघ बाहेर होती. एकूण एक. दुमडल्यावर रेघ फाकलेली, कोपऱ्यावर बारीक खाच पडलेली, आणि उरलेला निम्मा पत्रा ताणून पापडासारखा झालेला. दोनेक जागी केसाएवढी चीरही होती. काम हलगर्जीपणाचं म्हणावं तर तेही नाही. सगळ्या खाचा एका ओळीत, पट्टी लावल्यासारख्या. इतक्या निगुतीने केलेली चूक तिने आजवर पाहिली नव्हती.

कपाटावर ते चाप आणखी पन्नास वर्षं राहिले असते. मैदानात पहिल्या ढिगावरच गळायला लागले असते.

तिने नवऱ्याला दाखवलं. त्याने भिंगातून पाहिलं, भिंग काढलं, पुसलं.

"रंग दिला की दिसणार नाही," तो म्हणाला.

"दिसायचं काही नाही हो. टिकायचं आहे. गाडी हादरली की एकेक गळणार."

"मग नेत नाही."

"येतो म्हणून सांगितलंय तुम्ही."

"मोटर जळाली म्हणून सांगतो."

"तुम्ही? तुम्ही सांगणार?"

त्याने भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. मग म्हणाला, "घडीच्या आत सोल्डरचा एक थेंब दिला तर?"

"तर टिकतील. पण हात लावायचा नाही म्हणून शब्द दिलाय."

"त्यांना न सांगता…"

"आणि रविवारी त्यांनी विचारलं, जावईबापू, कुणी हात लावला का, तर?"

लिफ्टवाल्याने यावर विचार केला आणि आपल्या बाजूने काहीच सांगण्यासारखं नाही हे मान्य केलं. "निदान तू होऊन काही बोलू नकोस," एवढंच म्हणाला.

ती होऊन बोलणार नव्हतीच. तिने उजवी बाजू मुकाट्याने पुरी करायला घेतली.

पुढच्या रविवारी मावशीने खुर्ची ओढली, पिशवीतून चष्मा काढला आणि नवीन काम बघायला पुढे वाकली. आधी उजवीकडे. मग उठून डावीकडे. मग परत उजवीकडे.

"तुझे चाप गोल आहेत."

"हो."

"तिचे धारेचे आहेत. कडेला रेघ दिसते. शिवण मारल्यासारखी."

"हो."

"मग तुझे तसे का नाहीत? येत नाहीत?"

"येतात."

"येतात तर कर की. एका अंगरख्याच्या दोन बाह्या दोन तऱ्हेच्या असतात का?"

लिफ्टवाल्याला एकाएकी तहान लागली आणि तो आत गेला. चष्मेवालीने चिमटा खाली ठेवला. आपल्याला येत नाही म्हणून टाकावं, असं तिच्या मनात आलंही. पण मग सगळे उजवे चापही उलटे दुमडावे लागले असते, आणि मैदानात दोन्हीकडून गळती.

"मावशी, रेघ आतच ठेवायची असते," ती म्हणाली. "बाहेर ठेवली की पत्रा तिथे अर्धाच उरतो. चालताना हादरे बसले की तुटतो. डावीकडचे तुटणार. त्यांना आतून सोल्डर द्यायला हवं, तर राहतील."

"म्हणजे तिनं चुकीचं केलं."

"काम फार सुबक आहे हो."

"ते विचारलं नाही मी."

"चुकीचं केलं."

मावशी खुर्चीत मागे टेकली. आतून भांड्याचा आवाज आला. लिफ्टवाला बहुधा रिकामाच पेला धूत होता.

"मी सांगितलं होतं तिला," मावशी म्हणाली. "मी इथंच बसले होते. ती म्हणाली, आई, ही रेघ आत की बाहेर? म्हटलं, बाहेर. खडूची रेघ घडीच्या डोक्यावर यायला हवी, डोळ्याला दिसायला हवी, तर चुणी सरळ पडते. जन्मभर हेच केलं मी. ती म्हणाली, कागदावर काहीतरी निराळं लिहिलंय. म्हटलं, कागदाला काय कळतंय."

"कापडाला ते बरोबरच आहे."

"हे कापड आहे का?"

"नाही."

"मग उगाच गोड बोलू नकोस. तुला जमत नाही ते."

तिने चष्मा घडी करून पिशवीत टाकला आणि उठली. चहा तसाच होता, त्याला नावंही ठेवलेली नव्हती. त्यानंतरच्या रविवारी ती आली नाही.

खुर्ची जागची हलली नाही. लिफ्टवाल्याने दिवसभर वर्तमानपत्र वाचलं आणि दिवे लावायच्या वेळी विचारलं, "तू नक्की काय बोललीस?" तिने शब्दान्‌शब्द सांगितलं. तो म्हणाला, "दुसरं काय बोलणार होतीस," आणि पुन्हा त्याच पानात डोकं घातलं. रागावला असता तर तिला सोपं गेलं असतं.

सोमवारी दुकान सुटल्यावर ती मावशीकडे गेली. एक खोली, खिडकीला लागून शिवणयंत्र, दोऱ्याची रिळं रंगांप्रमाणे लावलेली. मावशी यंत्राशी बसली होती, पण यंत्रावर कापड नव्हतं.

"बस," मावशी म्हणाली. "जावयानं पाठवलं?"

"नाही. माझी मीच आले."

"मला वाटलं तब्येत विचारायला आलीस. तब्येतीला काही झालेलं नाही. बसल्याबसल्या आठवत होते, आणखी काय काय उलटं शिकवलं तिला."

"काय निघालं?"

"निघतंय अजून. दुखलं खुपलं तर लगेच बोंब मारू नये, आपोआप थांबतं, हेही मीच शिकवलं होतं. तेवढं बरं ऐकलंन. डॉक्टरकडे गेली तोवर उशीर झालेला."

चष्मेवालीने धीराचे दोन शब्द काढले असते तर म्हातारीने तेही खोडून काढलं असतं. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरं कुणीतरी "येऊ दे, येऊ दे" म्हणत होतं.

"त्याला काही तुझं सोल्डर चालत नाही," मावशी म्हणाली.

"नाही चालत."

"आणि त्या चापांना?"

"त्यांना चालेल."

मावशीने रिळांच्या रांगेतलं एक रीळ काढलं आणि होतं तिथेच परत ठेवलं. "मग घेऊन ये. इथं आण, माझ्यासमोर कर. जावयाला म्हणावं, त्यांनी यायचं नाही. दर मिनिटाला पाणी पीत बसतील."

दुसऱ्या दिवशी लिफ्टवाल्याने डावीकडचं पत्र्याचं मडगार्ड चापांसकट स्क्रू काढून सोडवलं आणि लिफ्टच्या बटणांच्या खोक्यात कापसावर निजवलं. खोकं बायकोच्या हातात देताना तो जिन्यापर्यंत आला, मग खालच्या दारापर्यंत आला. "बसमध्ये उभी राहू नकोस," म्हणाला.

मावशीने यंत्र आत मिटवून टेबल मोकळं केलं होतं. चष्मेवालीने दिवा लावला, सोल्डरची कांडी तापत ठेवली आणि मावशीला काम समजावून सांगितलं. चापाचे पाय गोंदाने चिकटवलेले आहेत. उष्णता खाली उतरली की गोंद सुटणार. म्हणून पायाशी ओला कापूस दाबून धरायचा, आणि ती "आता" म्हणाली की हलायचं नाही.

"जन्मभर सुईच्या तोंडाशी बोटं धरली आहेत," मावशी म्हणाली. "तू तुझं बघ."

दोघींनी भिंगं चढवली. कांडीचं टोक घडीच्या आत क्षणभर टेकायचं, कथील वितळून रेघेच्या पाठीमागे पसरायचं, कापूस चुर्र करायचा. बाहेरून काही दिसत नव्हतं. खाचा तशाच राहिल्या, एका ओळीत, धारेच्या. मावशी प्रत्येक चाप झाला की भिंगातून बघायची आणि "हं" म्हणायची. फावड्याचे झाले. पहारीचे झाले. कुऱ्हाडीच्या पहिल्याला चष्मेवालीने साफ करायला नुसता ब्रश लावला आणि तो दोन तुकडे होऊन कापसावर पडला.

चष्मेवालीने कांडी बाजूला ठेवली.

"मी नीट लावला होता," चष्मेवाली म्हणाली.

"दिसत होतं मला. आधीच मोडला होता तो. नुसता सवयीनं उभा होता." मावशीने तुकडे बोटाच्या टोकाला चिकटवून उचलले आणि बटणांच्या डबीत टाकले. "आता इथं काय?"

"माझ्या पत्र्यावर एक शिल्लक आहे. उजव्या कुऱ्हाडीचा. तो इथे लावू." तिने पिशवीतून पत्रा काढला. चौकटीत एकच चाप देठाला लटकत होता. तिने तो तोडला, कानस लावली आणि चिमट्यासकट मावशीपुढे धरला.

"मी?"

"तुम्हीच दुमडा."

मावशीने चिमटा हातात घेतला. चाप उलटसुलट करून रेघ शोधली आणि थांबली.

"आत," ती म्हणाली. विचारलं नव्हतं तिने, पण उत्तराची वाट पाहिली.

"आत."

घडी बसली. कोपरा गोल आला. धारेच्या ओळीत तो एकच गोल चाप उठून दिसत होता, आणि मावशीने तो बराच वेळ पाहिला, पण काढ म्हणाली नाही.

"आता तुझ्या उजवीकडे एक कमी," ती म्हणाली.

"असू दे. एक चाप नसला तर कोण बघतंय."

"असू दे कसं? एक बटण नसलेला सदरा मी कधी दिला नाही." तिने रिकाम्या पत्र्याची चौकट उचलून दिव्याशी धरली. नुसती कड उरली होती, बोटभर रुंदीची. "हे काय करता तुम्ही? टाकून देता?"

"हो."

"एवढं पितळ?" तिने खणातून कागद काढला, चौकटीत चाप निघालेल्या रिकाम्या जागेवर ठेवून नखाने कडा दाबल्या आणि बारीक कात्रीने कागदाचा चाप कापला. मग तो चौकटीच्या कडेवर ठेवून भोवती सुईने रेखलं. पितळ कापायला तिने कात्री बदलली. चांगली कात्री तिने धातूला लावली नसती, लाख रुपये दिले तरी. कापताना तिची जीभ ओठांच्या कोपऱ्यात आली होती.

तुकडा निघाला. थोडा रुंद, थोडा तिरका.

"यावर रेघच नाही," मावशी म्हणाली.

"नसणारच. तुम्हीच ठरवा कुठे दुमडायचं ते."

मावशीने ठरवलं.

मेळाव्याच्या दिवशी मैदानात ऊन होतं आणि धूळ. पोक्त पुरुष गुडघ्यांवर बसून एकमेकांचे पट्टे तपासत होते. सगळा रणगाडा आता मातकट हिरवा होता. रंगाखाली गोल कुठला आणि धारेचा कुठला, ते ज्या तिघांना माहीत होतं त्यांनाच दिसलं असतं. लिफ्टवाल्याने रिमोट हातात घेतला आणि एकदा मावशीकडे, एकदा बायकोकडे पाहिलं.

"चालवा आता," मावशी म्हणाली. "पोरगी बघायला आल्यासारखे काय उभे आहात."

रणगाडा हलला. पहिला ढीग चढला, वर जाऊन तोल सावरला आणि धाडकन खाली आदळला. चष्मेवाली डाव्या बाजूने चालत होती. फावडं होतं. पहार होती. कुऱ्हाडही होती. दुसऱ्या ढिगावरून तो आणखी जोरात उतरला आणि उजव्या अंगाने काहीतरी बारीक चमकून धुळीत गेलं. कुऱ्हाड एका टोकाला लोंबायला लागली.

मावशी उजवीकडे होती. तिने वाकून जमिनीकडे पाहिलं.

"काय गेलं?" चष्मेवाली पलीकडून धावत आली.

"माझा," मावशी म्हणाली. "रुंद कापला होता मी. पुढचा अरुंद घेते. पितळाच्या कडा टाकून नको देऊस, रविवारी लागतील."

मग ती तिथेच उकिडवी बसली आणि पदर सावरून धूळ बोटांनी चाळायला लागली. चष्मेवाली शेजारी बसली. पितळाला लोहचुंबकही लागत नाही, हातांनीच शोधावं लागतं.

लिफ्टवाल्याने रणगाडा थांबवला. "आई, काय शोधताय?"

"काम आहे आमचं," मावशी मान वर न करता म्हणाली. "तुम्ही गाडी बघा."